मदत हवी आहे: शब्द जमतात, पण चाल मुलांच्या तोंडात बसत नाही

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. गेली दोन वर्षं वर्गासाठी गाणी लिहिते आहे. गाणं शिकलेली नाही. घरात हरिपाठ रोज असायचा, तेवढाच कानावरचा संस्कार. पेटीवर एका बोटाने सूर शोधता येतात.

आमच्याकडे शनिवारी बाजार भरतो. त्यावर हे लिहिलं:

शनिवारी बाजारात जाऊ,
ताजी भाजी विकत घेऊ.

अक्षरं मोजली तर १० आणि ९. म्हटलं, एका अक्षराने काय बिघडतंय? चाल लावली, पेटीवर वाजवून पाहिली, मला आवडली. वर्गात मात्र पहिल्याच शब्दाला गाडी अडली. चालीत दुसऱ्या अक्षरावर सूर लांबतो, त्यामुळे पोरं 'शनीऽऽवारी' म्हणायला लागली. दुसरीतल्या एकीने गाणं थांबवून विचारलं, "बाई, हा देवळातला शनी का?" पुढे 'विकत'चं 'विकऽऽत' झालं आणि तो शब्द कुणालाच कळेना. तिसऱ्या दिवशी गाणं विसरून गेली सगळी.

दुसरी अडचण अशी की रात्री फोनवर चाल म्हणून ठेवते आणि सकाळी ऐकली की ती कुठल्या तरी ऐकलेल्या गाण्यावर गेलेली असते. दर वेळी.

आधी चाल करावी की आधी शब्द? आणि मुलांच्या ओठावर राहील अशी चाल बांधायला कुठून सुरुवात करू? ही मुलं घरी जाताना गाणं गुणगुणत जावीत एवढीच माझी इच्छा आहे. कृपया सविस्तर सांगा.

---

प्रतिसाद: मात्रामोजे

ताई, तुमचा कान बरोबर आहे, मोजणी चुकते आहे. तुम्ही हरिपाठाच्या सवयीने अक्षरं मोजलीत. 'देवाचिये द्वारी, उभा क्षणभरी, तेणें मुक्ती चारी, साधियेल्या' यात ६-६-६-४ अक्षरं आहेत आणि अभंगात ते पुरतं, कारण तिथे प्रत्येक अक्षर लांबवूनच म्हणतात. 'क्षणभरी'तला 'क्ष' र्‍हस्व असूनही ऐसपैस बसतो. तुमचं गाणं केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, पळणारं आहे. तिथे मात्रा मोजाव्या लागतात: र्‍हस्वाची १, दीर्घाची २.

आता तुमची पहिली ओळ मोजा. श१ नि१ वा२ री२ बा२ झाले ८. पुढे जा२ रा२ त१ जा२ ऊ२, हे ९. एकूण १७. दुसऱ्या ओळीच्या १५. केरव्याची दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे दोन पूर्ण फेरे, म्हणजे १६ मात्रा. पहिली ओळ सांडते, दुसरी अपुरी पडते आणि मुलं मधे कुठेतरी ताणून-दाबून जुळवतात. ताण नेमका र्‍हस्व 'नि'वर आला, म्हणून शनी अवतरला.

आणखी एक. बोलताना आपण 'बाजारात', 'विकत' यातला शेवटचा 'त' जवळजवळ गिळतो. गाताना तो उघडावा लागतो आणि शब्द परका वाटायला लागतो. म्हणून ओळीच्या शेवटी, जिथे सूर थांबणार तिथे, आ-ई-ए-ओ यांपैकी काहीतरी येऊ द्या. लहान मुलांना तिथे तोंड उघडून थांबता येतं.

---

प्रतिसाद: पेटीवाला

चालीबद्दल लिहितो. आधी ओळ नुसती बोला, सुराशिवाय, जशी मुलांना हाक मारताना बोलाल तशी. टाळी वाजवत दहा वेळा बोला. आवाज कुठे वर जातो, कुठे खाली येतो हे ऐकू यायला लागेल. चाल त्याच चढउतारावर बांधा. शब्द आधी की चाल आधी, हा प्रश्न मग तितका उरत नाही. सिनेमाची माणसं तयार चालीवरही लिहितात, पण ते सवयीनंतरचं काम.

सूर कमी घ्या. सा रे ग प ध, भूप रागाचे पाच. म आणि नि नाहीत, त्यामुळे मुलं फारशी बेसूर होत नाहीत. त्यातही मुखड्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या ओळींना, सा ते प एवढंच पुरे. एक तुकडा दोनदा म्हणा आणि मग एकच उडी घ्या. लक्षात राहते ती उडी, पण आधीचा तुकडा दोनदा आला असेल तरच.

तुमच्याच विषयावर करून पाहिलं (ऽ म्हणजे सूर आणखी एक मात्रा धरायचा):

चला चला रे बाजाराला
सा रेऽ सा रेऽ गऽ | पऽ गऽ रेऽ साऽ

'चला'चा तुकडा दोनदा आला, 'बा'वर उडी मारली, ती नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडली आणि मग पायरी पायरीने घरी. मोजून बघा, ८ आणि ८.

चाल दुसऱ्या गाण्यावर जाते याची धास्ती घेऊ नका. पाच सुरांत आणि आठ मात्रांत सारखेपणा येणारच. अगदी तंतोतंत वाटली तर उडीची जागा बदला किंवा तीच ओळ दादऱ्यात, सहा मात्रांत म्हणून बघा. चेहरामोहरा बदलतो.

---

प्रतिसाद: जात्यावरची

वरच्या दोघांचं पटतं, तरी एक सांगते. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिने कधी काही मोजलं नाही. एका ओवीत अक्षरं जास्त, एकीत कमी. कमी पडलं की 'गं बाई' घालायची, जास्त झालं की भरभर म्हणून जात्याच्या फेऱ्यात बसवायची. फेरा चुकायचा नाही. माझ्या मते मुलांना आधी फेरा द्या. टाळी, पाय, काहीही. 'रे', 'गं', 'हो' ही भरती नाही, तो आपल्या गाण्याचा श्वास आहे. वरच्या ओळीतला 'रे' काढून बघा, ओळ पांगळी होते.

---

प्रतिसाद: धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. आज पेटी नेलीच नाही. आधी नुसता ठेका धरला, बाकावर हाताने 'धागेनति नकधिन', मग ओळ. खाली मी ही जोडली:

आजी माझी सोबतीला
रेऽ रेऽ गऽ गऽ | पऽ ग रेऽ साऽऽ

'सोबतीला' सातच मात्रांचं आहे हे मोजताना कळलं. बदलणार होते, पण मुलांनी 'ला' आपणहून एक मात्रा लांबवला. खिचडीच्या आधी हात धुवायच्या रांगेत पहिलीतली तिघं ते म्हणत होती. मी नळाशी उभी राहून ऐकत राहिले.

आता अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यात, अडकले आहे. 'वांगी घ्यावी, भेंडी घ्यावी' इथवर ठीक. पुढे कोथिंबीर हवीच, पण ओळ तिच्यावर संपवली की शेवटी 'र' उघडा पडतो.

---

प्रतिसाद: जात्यावरची

मग तिला ओळीच्या तोंडाशी बसवा: 'कोथिंबीर न विसरुन जावी'. 'रु' मुद्दाम र्‍हस्व ठेवलाय. मात्रामोजे, बघा हो जरा.

---

प्रतिसाद: मात्रामोजे

अनुस्वारामुळे 'थिं' दोनचा धरला, ८ आणि ८. चोख.

---

प्रतिसाद: पेटीवाला

अंतरा प पासून उचला, ध ला एकदाच हात लावा, 'भेंडी'वर. 'विसरुन जावी' उतरत उतरत रे वर सोडा, सा वर टेकू नका. ओळ लोंबकळती राहिली की मुलं स्वतःच 'चला चला रे' पकडतात. सोमवारी म्हणून घ्या आणि कसं झालं ते इथे लिहा.