वादळ-पुराची तयारी: यादीत काय सुटतंय?

गच्चीवरची:
आमच्या वसाहतीच्या आपत्कालीन तयारीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. टॉर्च, पिण्याचं पाणी, दोर, प्रथमोपचार पेटी झालं. इशाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. काय राहिलं? आणखी वस्तू सुचवू नका प्लीज, कपाट भरलंय.

खारावारा:
सामान पुष्कळ झालं, माणसांची यादी कुठंय? वीज गेली की मोबाईलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, मग तुमचा गट मुका.

बांगलादेशचं बघा. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ पासून तिथं गावोगावच्या स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. हातात कर्णा, आणि धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे. तरी १९९१ च्या वादळात लाखाहून अधिक लोक मेले, त्यात बायका फार. इशारा पोचूनही कित्येकजणी निवाऱ्यात गेल्याच नाहीत. परक्या पुरुषांची गर्दी, वेगळा संडास नाही, घरात लेकरं नि गुरं. पुढे बायकांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या, गुरांसाठीचे मातीचे उंच ओटे वाढले. आता स्वयंसेवकांतही निम्म्या बायका आहेत. कपाटात यातलं काय मावणार?

तेव्हा लिहून काढा: जिना कोणाला उतरवत नाही, ऑक्सिजनवर कोण, इन्सुलिन कोणाला, कुत्रं कोणाकडे (ते सोडून माणसं हलत नाहीत). प्रत्येकापुढे दार वाजवणाऱ्याचं नाव. तो बाहेरगावी असला तर दुसऱ्याचं.

तळमजला:
+१. पण ही यादी गटावर टाकू नका. कोण आजारी, कोण एकटं, हे चोरालाही हवंच असतं. कागदावर, दोघातिघांकडे ठेवा.

आणि जनरेटर कुठाय?

गच्चीवरची:
तळघरात. 🙈

तळमजला:
पाणी पहिलं तिथंच शिरणार. हलवा. कुणी ‘जिन्यात लावू’ म्हणालं तर मुळीच ऐकू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघड्यावर, खिडक्यांपासून लांब.

गच्चीवरची:
तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, मी कुठ्ठं येणार नाही. त्यांचं काय करू?

खारावारा:
आत्ताच, ऊन असताना, जाऊन बसा त्यांच्याजवळ. का नाही, ते विचारा. जिन्याची धास्ती असेल तर खुर्चीत बसवून उतरवायची एकदा तालीम घ्या. पण आधी दुसऱ्या कुणाला बसवून बघा, आजींना नव्हे.