हरिहरेश्वर ते रत्नागिरी किनाऱ्याने, चार दिवस: काय कधी गाठायचं?

प्रश्न (वाटसरू_१२)
जानेवारीअखेर हरिहरेश्वर, हर्णे, गुहागर, हेदवी करत रत्नागिरी असा बेत आहे. गाडी सेडान, सोबत सत्तरीचे आईवडील. महामार्गाला न लागता खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत. रिसॉर्टमध्ये बसून राहण्यापेक्षा गावातल्या लोकांशी चार गोष्टी व्हाव्यात अशी इच्छा आहे. क्रम आणि वेळा कशा लावाव्यात?

खाडीकाठ
हॉटेल ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. या रस्त्यावर किलोमीटरपेक्षा तिथी महत्त्वाची. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

हे का, तर हरिहरेश्वरची प्रदक्षिणा (देवळाच्या डोंगराला समुद्राच्या कडेने घालतात ती) ओहोटीतच करता येते आणि हेदवीची बामणघळ (कातळातली अरुंद घळ, लाट आत घुसून उंच उसळते) भरतीतच बघण्यासारखी असते. पौर्णिमेला हरिहरेश्वर गाठलंत तर संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास पाणी उतरलेलं असेल. दुसऱ्या दिवशी बागमांडले-वेसवी फेरीने बाणकोट खाडी ओलांडून हर्णे-आंजर्ले. तिसऱ्या दिवशी द्वितीया, म्हणजे हेदवीला भरती दीडच्या सुमारास. हर्णेहून सकाळी लवकर निघून दाभोळ-धोपावे फेरी घ्या, बामणघळ आणि दशभुजा गणपती बघा आणि मुक्कामाला गुहागरला परत या. चौथ्या दिवशी तवसाळ-जयगड फेरी, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. अष्टमीच्या आसपास निघालात तर भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. मग घळीत नुसती गुळण्या केल्यासारखी खळखळ.

सडेकर
वरच्या हिशोबाला एक पुरवणी. पाऊणपट बेत आखायला ठीक आहे, प्रदक्षिणेला नाही. त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ तक्त्यात बघा, शिवाय देवळापाशी विचारा. ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी वळायच्या आत वर यायचं. वाट कातळावरून जाते, शेवाळावर पाय सरकतो, आणि लाटेकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांचे इथे बळी गेलेले आहेत. आईवडिलांना पायऱ्यांच्या वरूनच समुद्र दाखवा.

वाटसरू_१२
सेडान फेरीत चढते का? खाली घासेल अशी भीती आहे.

खाडीकाठ
चढते. (या फेरीला स्थानिक लोक जंगलजेटी म्हणतात, रस्ता विचारताना तो शब्द लक्षात असू द्या.) अडचण होते ती पूर्ण ओहोटीला. पाणी उतरलं की बोट खाली जाते, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन होतो आणि नेमकं तिथे पुढचं बंपर किंवा मधलं पोट टेकतं. सामान आणि माणसं उतरवली की गाडी इंचभर उचलली जाते, बहुतेकदा तेवढं पुरतं. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, खलाशी हात करील तसं. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच ठेवा. शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नका. दाभोळची फेरी चुकली तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराच्या वर किलोमीटरचा फेरा पडतो.

पाटीवाला
हर्णेबद्दल. मासळीचा लिलाव दुपारनंतर, साधारण चारपासून रंगतो. होड्या खोल पाण्यात थांबतात, माल किनाऱ्यावर येतो. बोली पाटीवर, म्हणजे अख्ख्या टोपलीवर लागते, सुट्या गिऱ्हाइकाने मध्ये तोंड घालू नये. तुमच्यासाठी कडेला मावश्या वाटे लावून बसलेल्या असतात. भाव विचारायच्या आधी माशाचा कल्ला उघडून बघा: लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर, बोट दाबलं तर खळगा राहू नये. घासाघीस थोडीच करा, पण 'हा कुठला मासा, कसा करतात?' हे जरूर विचारा, पाककृती फुकट मिळते. कॅमेरा आधी विचारूनच काढा. आणि तो वाटा घेऊन आंजर्ल्याच्या किंवा गुहागरच्या कुठल्याही घरी 'करून द्या' म्हणू नका. बरीच घरं शाकाहारी आहेत, मुक्काम ठरवतानाच विचारा.

जेवण सकाळी फोन करून सांगा. घरगुती खानावळीत माणसं मोजून भात लागतो, दोन वाजता दारात उभं राहिलात तर सोलकढीवर समाधान मानावं लागेल. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगायचे. दुपारी एक ते चार गाव झोपलेलं असतं, तेव्हा कुणाच्या अंगणात शिरून गप्पांची अपेक्षा नको. गप्पा होतात संध्याकाळी, चहाच्या टपरीवर किंवा एसटी थांब्यावर.

सडेकर
रस्ता विचारताना 'किती लांब आहे?' विचारू नका, उत्तर कायम 'हे काय, जवळच' असंच येतं. 'एसटी जाते का त्या वाटेने?' हे विचारा. एसटी जात असेल तर सेडान जाईल. नुसतं 'जीप जाते' म्हणाले तर गाडी वळवा.

गाडी पुळणीवर उतरवू नका. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, खाली झावळ्या किंवा फळी घाला, हळू बाहेर काढा. पाणी चढत असेल तर हा खटाटोप न करता थेट ट्रॅक्टरवाल्याला बोलवा.

चौथ्या दिवशी अर्धा दिवस उरला तर पावस, पूर्णगड ओलांडून कशेळीला जा. तिथल्या सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) सुमारे 18 मीटर लांबीच्या हत्तीचं कातळशिल्प आहे, पोटात इतर प्राणी कोरलेले. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. भर दुपारी रेषा दिसत नाहीत, उन्हं कलल्यावर खोबणीत सावली पडते तेव्हा उठून दिसतात. गावात विचारून जा आणि चित्रावर पाय देऊ नका.