सीपॅप नीट चालूय, तरी पहाटे ऑक्सिजन का उतरतो? (पुणे, कोथरूड)

मदत हवी आहे. बाबा ६८ वर्षांचे, झोपेत श्वास अडतो म्हणून चार महिने ऑटो सीपॅपवर (मास्कमधून हवेचा दाब देणारं, दाब स्वतः कमी-जास्त करणारं मशीन), प्रेशर ६ ते १२. स्लीप स्टडीत एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा) ४१ होता, आता मशीन रोज ३-४ दाखवतं. म्हणून निर्धास्त होतो. पण रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर भाड्याने आणला, तर तीन रात्री पहाटे ४ ते ५ दरम्यान ऑक्सिजन ८६-८७ टक्के, तेही सलग दहा-बारा मिनिटं. करवतीच्या दातांसारखं वर-खाली नाही, सपाट उतरलेलं. बाकी रात्र ९४-९५.

बोट बदललं, हात पांघरुणात ठेवला, मास्कची उशी नवी घातली. लीक (मास्कमधून हवेची गळती) त्या वेळी थोडं वाढतं, पण मशीनच्या मर्यादेत. कुशीवर झोपवून पाहिलं, फरक नाही. सिगारेट कधीच नाही, दम्याचा त्रास नाही, वजन ९४ किलो. झोपेची गोळी नाही.

डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी आहे. तोवर प्रेशरला हात लावणार नाही, तेव्हा कृपया आकडे सुचवू नका. दिवसा ९६ असतं, दम लागत नाही.

असा सपाट उतार कुणाच्या घरी दिसला होता का, आणि पुढे डॉक्टरांनी काय करायला सांगितलं: लॅबमध्ये टायट्रेशन (रात्रभर तपासून योग्य दाब ठरवणं), रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची तपासणी, की बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन)?