गोदावरी ठेवाच की!

लेकीला पणजीचं ‘गोदावरी’ हे नाव ठेवावं का, असं तुम्ही विचारलंत; पण ते म्हातारं वाटतं, शाळेत पोरं चिडवतील, ही तुमची शंका काही पटली नाही. चिडवणारे कशावरूनही चिडवतात. आमच्या वर्गातल्या सुनीतांनाही जाडी, बुटकी अशी नावं पडलीच होती. पैठण ते नांदेड, गंगाकाठच्या, म्हणजे गोदाकाठच्या गावांत गोदाबाई, गंगूबाई काय कमी होत्या? वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकरांना हे नाव कुठं आडवं आलं! हाक मारायला ‘गोदा’ सुटसुटीत आहे.

‘जनाबाई’ सुचवणाऱ्यांशी मात्र सहमत नाही. गंगाखेडच्या जनाईबद्दल आदर आहेच, पण पाळण्यातल्या लेकराला ‘बाई’ जोडली की ते उगीच पोक्त वाटतं. नुसतं जना ठेवा.

आणि आत्याबाईंना आधी विचारा बरं का, बारशाला कानात कुर्र करायचा मान त्यांचा.