मुलींचा बँड आणि टाइम मशीन, एकाच जपानी सिनेमात?

नाशिकची_रातराणी:
लेक ड्रम शिकतेय (खालच्या मजल्यावरच्या काकांची माफी मागून झालीय). तिच्याबरोबर 'स्विंग गर्ल्स' पाहिला. सुट्टीतल्या जादा वर्गाला कंटाळलेल्या मुली शाळेच्या बँडला डबे पोचवायला जातात, गाडीत झोपतात, उन्हात डबे विटतात, बँड आजारी पडतो आणि वाजवायला उरतात ह्याच! हसून मुरकुंडी वळली. आता तिची मैत्रीण म्हणते, ह्याच नायिकेचा टाइम मशीनवाला सिनेमा आहे आणि त्यातही बँड आहे. मला तर सापडेना. आहे का असं काही? भूतकाळात जाऊन मेलेल्या प्रियकराला वाचवणं वगैरे नको, रडायचा मूड नाही.

पोटोबा:
मैत्रिणीने दोन सिनेमांची भेळ केलीय. टाइम मशीन आहे, बँड नाही.

विंगेतला_बाळू:
पोटोबा बरोबर. नायिका जुरी उएनो. 'स्विंग गर्ल्स' २००४चा, 'समर टाइम मशीन ब्लूज' २००५चा. दुसऱ्यात ती फोटोग्राफीवाली आहे, सॅक्सोफोन नाही.

कॉलेजातला सायन्स फिक्शन क्लब, आणि क्लबातल्या एकालाही सायन्स फिक्शनचा गंध नाही. ऐन उन्हाळ्यात एसीच्या रिमोटवर कोला सांडतो, रिमोट जातो, आणि त्याच्याशिवाय एसी चालूच होत नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत टाइम मशीन! आपण थेट रायगडावर राज्याभिषेकाला हजर झालो असतो. हे लोक कुठे जातात? कालच्या दिवसात. धड असलेला रिमोट आणायला. मग कुणाची तरी ट्यूब पेटते की काल रिमोट उचलला तर त्यावर कोला सांडणारच नाही, मग आज तो आणायला जाणार कोण? इथून जी पळापळ सुरू होते ती शेवटपर्यंत.

पहिला अर्धा तास उठू नका. बेसबॉल, सार्वजनिक न्हाणीघर, चोरीला गेलेला शाम्पू, सगळं उगाचच चाललंय असं वाटतं, पण नंतर पै न् पै वसूल होते. कॉलेजच्या आवारात कप्पाचा (जपानी लोककथांतला पाण्यातला प्राणी) पुतळा आहे, त्याच्यावर नजर ठेवा. जास्त बोलत नाही.

मुळात हे नाटक. क्योतोच्या 'युरोप किकाकू' ह्या नाट्यसंस्थेचं, लेखक माकोतो उएदा. मी कॉलेजात एकांकिकांना बॅकस्टेज केलंय, त्यामुळे आज आणि काल अशा दोन्हीकडची माणसं एकाच खोलीत एकमेकांना चुकवत लपतात तेव्हा मला कथेपेक्षा एंट्री-एक्झिटचंच टेन्शन येतं. ह्याच मंडळींचा २०२०चा 'बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स' पण बघा. कॅफेवाल्याच्या टीव्हीवर दोन मिनिटांनंतरचं दिसतं, बस्स एवढंच. ७० मिनिटांचा सिनेमा, मोबाइलवर शूट केलेला.

खारी_बटर:
बँडच हवा असेल तर 'लिंडा लिंडा लिंडा' (२००५). शाळेचा महोत्सव तोंडावर, गिटारवालीचं बोट दुखावलेलं, गायिकेशी भांडण. उरलेल्या तिघी ठरवतात, समोरून जी पहिली येईल तीच गायिका. येते ती कोरियन विद्यार्थिनी (बे डूना). तिला प्रश्न नीट कळलेलाच नसतो, तरी हो म्हणून मोकळी! गाणी 'ब्लू हार्ट्स' ह्या पंक बँडची. सिनेमा संथ आहे हं, 'स्विंग गर्ल्स'सारखी धमाल नाही. मला जास्त आवडतो.

पोटोबा:
संथ? मी दोनदा झोपलो. रिमोटवाला आधी बघा.

नाशिकची_रातराणी:
बाळू, काल-आजचं ते सगळं लेकीने मला कागदावर काढून समजावलं, आता मीच बघायला उतावीळ झालेय. शनिवारी रिमोट, रविवारी लिंडा. लेक विचारतेय, लिंडातल्या मुली खरंच वाजवतात की नुसतं नाटक?

खारी_बटर:
बेस वाजवणारी शिओरी सेकिने तर 'बेस बॉल बेअर' ह्या बँडची खरीखुरी बेसिस्ट. ड्रमवर आकी माएदा आहे, ती मूळची अभिनेत्री. लेकीला तिचे हात बघायला सांगा आणि काय ते इथे कळवा.