आधी पाडायचा किल्ला, मग बांधायचा (सोसायटी ग्रुपवरची चर्चा, सातारा)

बी-२०३ ओवीची आई (सकाळी ९:१०)
कालच्या कोजागरीच्या दुधाबद्दल काकूंचे आभार. केशर संपलं म्हणत म्हणत चांगलंच घातलं होतं 🙏
एक विचारायचं होतं. ओवी आता सव्वादोन वर्षांची. पाऊस उघडल्यापासून घरात थांबायलाच तयार नाही. शरद ऋतूत एवढ्या लहान पोरांना घेऊन काय करावं म्हणून नेटवर बघितलं, तर जिकडंतिकडं तेच. केशरी पानांचा ढीग करून त्यात उड्या मारा, भोपळा कोरा, बागेत जाऊन सफरचंदं तोडा. आता साताऱ्यात यातलं काय करू, तुम्हीच सांगा.

ए-३०३ जुळ्यांची आई
आमची दोघं गाड्यावरचीच सफरचंदं तोडतात. बाग कशाला लागती.

ए-२०२ काकू
भोपळा कोरून दारात ठेवू नकोस गं बाई. अमावास्या पंधरा दिवसांवर आलीय. कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय म्हणून अख्खा मजला तुझ्याशी बोलायचं बंद करेल. लाल भोपळा आणलाच असशील तर घारगे कर. किसताना ओवीला बिया काढायला बसव, पोरांना तो बुळबुळीत गर फार आवडतो.

ए-१०१ आप्पा
ओवीची आई, ती यादी थंड देशातली आहे. तिकडे या दिवसांत दिवस आखूड होतो, गारठा पडायला लागतो, म्हणून झाडं पानं टाकतात. आपल्याकडे आत्ताच चार महिने पाऊस पिऊन झाडं तरारलेली आहेत, ती कशाला पानं टाकतील? आपली पानगळ शिशिरात. जमिनीतली ओल आटत आली की माघ-फाल्गुनात. पानांत उड्या मारायच्या असतील तर फेब्रुवारीपर्यंत थांबा. गेटजवळचा देशी बदाम तेव्हा लालभडक पानं टाकतो आणि वॉचमन मामा रोज सकाळी त्याला शिव्या देत झाडतात.

सी-३०४ अर्णवचे बाबा
मग रविवारी कासच्या पठारावर जाऊया का सगळे? पंचवीस किलोमीटर तर आहे.

ए-३०३ जुळ्यांची आई
यवतेश्वरच्या घाटात दोघांनी एकदम उलटी केली होती माझ्या अंगावर. पुढच्या सीटवर बसून तुम्हाला पंचवीस किलोमीटर वाटतात ते.

ए-१०१ आप्पा
आणि फुलांचा बहर ओसरला आता. तो ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर. खरं सांगू का, पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, माझ्यासारख्याला तिथं तासभर गुडघ्यावर बसून एकेक फूल बघावंसं वाटतं. पण दोन वर्षांच्या पोराला फूल बघायचं नसतं, तोडायचं असतं. तोडायचं नाही हाच तिथला पहिला नियम. दिवसभर 'नको, नको' म्हणत पोर हिंडवायचं आणि परत यायचं. सात-आठ वर्षांचा झाला की न्या अर्णवला.

बी-४०१ सेक्रेटरी
सर्वांना सूचना : उद्या टाकी धुणार आहे. सकाळी ७ ते ११ पाणी येणार नाही. तसेच पाहुण्यांची पांढरी गाडी दोन दिवस जिन्यासमोर उभी आहे, ती काढावी. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

ए-२०२ काकू
पोरं सोसायटीचीच आहेत.

सी-१०२ डॉक्टर ताई
ओपीडीतून लिहितेय, थोडक्यात. कुठंही न्या, पण वेळ सांभाळा. पाऊस गेला, आभाळ मोकळं, जमीन अजून ओली, त्यामुळं दुपारी उकडतं आणि दमटही असतं. हीच ती ऑक्टोबर हीट. दहानंतर पोरं बाहेर नकोत. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळं पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओता. ताटल्या पोरांनाच उपड्या करू द्या, त्यांना आवडतं असलं काम.

बी-२०३ ओवीची आई
हे बरं सांगितलंत. आज सातला खाली नेलं होतं. गवतावर दव होतं, कोळ्याच्या जाळ्यांवर पण. ओवी प्रत्येक जाळ्याला बोट लावून "फुटलं" म्हणत होती. अर्धा तास कुठं गेला कळलं नाही. हीच अ‍ॅक्टिव्हिटी म्हणायची का?

ए-१०१ आप्पा
हीच. अजून एक दाखवतो. पाण्याच्या मोटारीशेजारी कढीपत्त्याचं झाड आहे ना, त्याची कोवळी पानं उलटून बघा. पक्ष्याची शिट पडल्यासारखं काळंपांढरं काहीतरी दिसेल. ती शिट नाही, अळी आहे. काळ्या फुलपाखराची, लिंबावर आणि कढीपत्त्यावर अंडी घालतं ते. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीनं हळूच टोचलं की डोक्यामागून लाल शिंगं काढते आणि घाण वास सोडते. पुढं कोष करते, आणि त्यातून साधारण दहा-बारा दिवसांत फुलपाखरू. रोज एकदा पोराला आणून एवढंच विचारायचं, आज केवढी झाली? फक्त कृपा करून झाडाला कुणी औषध मारू नका.

ए-२०२ काकू
अगंबाई, मी काल चार फांद्या तोडून आणल्या फोडणीला. नीट बघून धुतल्यात तरी बरं.

ए-३०३ जुळ्यांची आई
काकू 😂😂

ए-३०३ जुळ्यांची आई
बरं, पोरांना मोकळं पळायला कुठं नेऊ? बागेत मोठी पोरं झोके सोडत नाहीत.

सी-३०४ अर्णवचे बाबा
चार भिंतीच्या टेकडीवर न्या. संध्याकाळी वारा असतो, खाली सगळा सातारा दिसतो. अर्णव वरून गाड्या मोजतो, म्हणजे "एक, दोन, पाच, दहा" करतो. कठड्याशी मात्र हात सोडू नका. अजिंक्यताऱ्यावर वरपर्यंत गाडी जाते, पण तिथं पोराला कडेवर घेऊनच फिरावं लागतं, त्यात मजा आपली, त्याची नाही.

बी-१०४ दादा
माहुलीला आणा कधी संध्याकाळी. थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे संगमावर. आमच्या छोट्याला सांगितलं, राजाचा कुत्रा झोपलाय इथं. तेव्हापासून घरात कुणी झोपलं की "श्श, खंड्या" म्हणतो. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि नदीला पाणी आहे अजून, एका पोरामागं एक माणूस पाहिजे.

बी-२०३ ओवीची आई
आणि किल्ला? दिवाळीला दरवर्षी पार्किंगच्या कोपऱ्यात मोठी पोरं करतात तो. ओवीला मातीत हात घालायचेत, पण मागच्या वर्षी तिनं रांगत रांगत जाऊन अर्धा बुरूज पाडला आणि शौर्य रडला होता.

ए-३०३ शौर्यची ताई (आईच्या मोबाइलवरून)
तो पद्मदुर्ग होता 😡

ए-१०१ आप्पा
यावर माझं मत ठाम आहे, जरा लांबण लागेल.
तीन वर्षांखालच्या पोराला किल्ला बांधायचा नसतो. त्याला ओतायचं असतं, थापायचं असतं आणि पाडायचं असतं. आपण त्याच्याकडून बुरूज, तटबंदी, दरवाजा करून घ्यायला बघतो, तो पाच मिनिटांत कंटाळतो, मग आपणच सगळं करतो आणि "हात लावू नको" म्हणून ओरडतो. म्हणून यंदा दोन किल्ले करा. एक मोठ्यांचा, पार्किंगच्या कोपऱ्यात, नेहमीसारखा. दगडविटा रचायच्या, गोणपाट चिखलात भिजवून वर पसरायचं, नीट लिंपायचं. दुसरा लहानांचा, पाडायचा किल्ला. त्याला गोणपाट नको, दगड नको. चाळलेली माती, एक बादली पाणी, जुनी पातेली, वाट्या, चमचे. आपण पालथ्या वाटीनं बुरूज काढायचे, त्यांनी बुक्की मारायची. परत काढायचा, परत बुक्की. माझा नातू मागच्या वर्षी अडीच वर्षांचा होता, चाळीस मिनिटं हा एकच उद्योग केला. शेवटी शेवटी स्वतःच वाटी भरून पालथी घालायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं.
दगडांचा ढीग मोठ्यांनी उचलायचा, तोही काठीनं हलवून, हातात काहीतरी घालून. वर्षभर पडून असलेल्या विटांखाली मागच्या खेपेला दोन विंचू निघाले होते. लहान पोरं त्या वेळी घरात.
अळीव किंवा मोहरी टाकायचं काम मात्र पूर्ण लहानांचं. मुठीनं टाकतील, एका जागी ढीग होईल, होऊ द्या. अळीव भिजला की चिकट होतो, उतारावरून ओघळत नाही, म्हणून किल्ल्याला तोच बरा. दोन दिवसांत मोड येतात, पाच-सहा दिवसांत बोटभर हिरवळ. वसुबारसेला हिरवं हवं असेल तर आठवडाभर आधी टाका. पाणी बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून द्यायचं, नाहीतर तांब्या ओतून पोरं दरड कोसळवतात.

ए-२०२ काकू
घटातलं धान कुणाकडं शिल्लक असेल तर किल्ल्यापायथ्याशी शेत म्हणून लावा. आमचं ठेवलंय मी. देवाचं असं कुठं लावावं का म्हणून विचारू नका, मातीतच जायचंय ते. आणि दसऱ्याची तोरणं टाकली नसतील तर आणा. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या उपटायला बसवा पोरांना. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी काळी काडी असते, तेच बी. माझी नात दुपारभर बसली होती, मला त्या वेळात निवांत चकलीची भाजणी भाजता आली.

ए-३०३ जुळ्यांची आई
दुपारभर??? काकू, मी तुमच्याकडं सोडते दोघांना.

ए-२०२ काकू
सोड. हादगा संपला, पण खिरापत ओळखायचा खेळ पोरांना अजून चालतो. डब्यात एकदा चुरमुरे, एकदा केळं, एकदा बत्तासे. हलवायचं, कान लावायचा. चुकलं तरी खायला मिळतंच.

सी-१०२ डॉक्टर ताई
केळ्याचा डबा हलवून काय ऐकू येणार काकू 😄

ए-२०२ काकू
तेच तर ओळखायचं. धप्प वाजतं.

बी-१०४ दादा
आमच्या कोरेगावच्या रानात भुईमूग काढायला आलाय. शनिवारी सकाळी या सगळे. पोरांना वेल उपटायला देतो. माती मऊ आहे, लहान पोरानं ओढला तरी निघतो. खालून शेंगा लोंबताना दिसल्या की तोंड बघा त्यांचं. तिथंच चुलीवर उकडू.

सी-१०२ डॉक्टर ताई
उपटू दे, मोजू दे, धुऊ दे. पण पाच वर्षांखालच्या कुणालाही अख्खा दाणा तोंडात नको, उकडलेला असला तरी. पळताना, हसताना श्वासनलिकेत जातो आणि एक्स-रेमध्ये दिसतही नाही. कुटून द्या, तेही घरी आधी खाल्लेलं असेल तरच. सीताफळाचंही तेच. गर बोटांनी चाचपून, बिया काढून. किल्ल्यावरचे छोटे मावळे या पोरांच्या हाती नकोत. आणि लुकलुकत्या खेळण्यांच्या, पणत्यांच्या चपट्या गोल बॅटऱ्या घरात कुठं आहेत ते आजच बघून ठेवा. गिळली तर वाट बघत बसायचं नाही, तडक दवाखाना.

सी-३०४ अर्णवचे बाबा
फुलबाजी? आपण हात धरून?

सी-१०२ डॉक्टर ताई
नाही. तिची तार विझल्यावरही भाजते. दरवर्षी पाडव्याला मी हेच तळवे बघते. त्याला आकाशकंदिलाला खळीनं कागद चिकटवायला बसवा. वाकडा होऊ दे.

बी-४०१ सेक्रेटरी
पांढरी गाडी अजून तिथंच आहे.

बी-१०४ दादा
माझ्या मेव्हण्याची आहे. काढतो.

*(रविवार)*

बी-२०३ ओवीची आई (सकाळी ११:४०)
दादा, कालचं काय सांगू. ओवीनं तीन वेल उपटले आणि तिसऱ्याच्या शेंगा परत मातीत पुरल्या. का विचारलं तर "झोप". रात्री नखांतली माती निघाली नाही. पाडायच्या किल्ल्याला आज सकाळी मुहूर्त केला. एकूण बुरूज किती पडले ते मोजले नाहीत.

ए-३०३ जुळ्यांची आई
माझ्या एकानं माती खाल्ली. दुसऱ्यानं त्याला पाणी पाजलं. डॉक्टर ताई?

सी-१०२ डॉक्टर ताई
थोडीशी असेल तर घाबरू नका, चूळ भरा, हात साबणानं धुवा. पोट दुखलं, उलटी-जुलाब झाले तर आणा.

सी-३०४ अर्णवचे बाबा
आप्पा, अळी हिरवी झाली! अर्णवला शिंगं दाखवली, आता तो घरात सगळ्यांना मागून टोचतोय.

ए-३०३ शौर्यची ताई (आईच्या मोबाइलवरून)
आमच्या किल्ल्याला दोरी बांधलीये. लहान मुलांनी आत यायचं नाही. आप्पा तुम्ही लक्ष ठेवा.

बी-४०१ सेक्रेटरी
पाडायच्या किल्ल्याची माती वाहून पार्किंगची जाळी तुंबली आहे. पाणी लिफ्टकडे चाललंय. जबाबदार व्यक्तीने कृपया खाली यावे.

ए-१०१ आप्पा
खालीच आहे. फावडं घेऊन या. आणि तुमच्या नातवाला आणा, तो मघापासून गॅलरीतून रडतोय.