चकरी फिरत नाही, मुनीमकाका बटण दाबतच राहतात

मोंढ्यातला पोरगा, लातूर
मामाच्या आडतीसाठी सी-शार्पमध्ये, विनफॉर्म्सवर (विंडोजचे फॉर्म-बटणं बनवायची सोय) छोटं सॉफ्टवेअर केलंय. शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव टाकायचा अन् 'पट्टी' बटण दाबायचं. हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी छापून येते. सोयाबीनची आवक वाढली तसे एका पट्टीला सात-आठ सेकंद लागायलेत. तेवढ्या वेळात स्क्रीनवर काहीच हलत नाही. काकांना वाटतं बटण लागलंच नाही, म्हणून पुन्हा दाबतात. काल एकाच शेतकऱ्याच्या तीन पट्ट्या निघाल्या, खात्यावर तीनदा रक्कम. मामा माझ्यावर चिडलेत, काका माउसवर.

बटणाच्या कोडमध्ये पहिल्याच ओळीला यूज-वेट-कर्सर (माउसच्या बाणाऐवजी 'थांबा'ची चकरी दाखवायची सेटिंग) ट्रू करतो, शेवटी फॉल्स. बटणसुद्धा सुरुवातीला बंद अन् शेवटी चालू. तरी चकरी येत नाही, जादा क्लिकही थांबत नाहीत. काय चुकायलंय?

जुना व्हीबीवाला, नांदेड
यूज-वेट-कर्सर ही नुसती खूण आहे, भाऊ. कर्सर खरा बदलतो तो विंडोजकडून सेट-कर्सरचा मेसेज आल्यावर, आणि तुझा यूआय थ्रेड, म्हणजे स्क्रीन अन् क्लिक सांभाळणारा धागा, तर पट्टीत अडकलेला. तो मोकळा होईपर्यंत तू फॉल्स करून बसलेला असतोस. कर्सर-डॉट-करंटला वेट-कर्सर दे, तिथल्या तिथं बदलतो. मात्र ट्राय-फायनलीत घाल, म्हणजे मधे एरर आली तरी फायनलीतली ओळ चालतेच. व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) 6 मध्ये आम्ही स्क्रीनच्या माउस-पॉइंटरला 11 (वाळूचं घड्याळ) द्यायचो. एकदा मधेच एरर आली अन् परत 0 करणारी ओळ चाललीच नाही. गिऱ्हाईक बिचारं वाळूच्या घड्याळाकडं बघत दुपारभर बसलं. त्यानंतर मी हे कधी विसरलो नाही.

बटणाचं म्हणशील तर, थ्रेड अडकला म्हणून क्लिक हरवत नाहीत, रांगेत थांबतात. तू बटण चालू केलंस की गेट उघडल्यावर ट्रॅक्टर घुसावेत तसे आत.

रात्रपाळी, छत्रपती संभाजीनगर
एवढं कशाला? मधे ॲप्लिकेशन-डू-इव्हेंट्स टाका, थांबलेले क्लिक तिथंच हाताळले जातात, रांग रिकामी होते.

जुना व्हीबीवाला, नांदेड
नको रे बाबा. बटण बंद आहे तोवर ठीक. पण काकांनी त्याच वेळी फॉर्म बंद केला किंवा मेनूतून दुसरंच काही उघडलं, तर पट्टी अर्धी असतानाच ते कोड सुरू होणार. असली चूक शोधायला आठवडा जातो.

गोदाकाठ, परभणी
मूळ काम यूआय थ्रेडवरून हलवा. सी-शार्प 5 पासून, म्हणजे 2012 पासून, असिंक-अवेट आहे, काम मागं चालू असताना स्क्रीन मोकळी ठेवायची सोय. फॉर्मवरचं वजन, भाव आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, हिशेब टास्क-डॉट-रनमध्ये (दुसऱ्या थ्रेडवर) टाका, अवेट करा. आतून टेक्स्टबॉक्सला हात लावू नका. मग बंद बटणावरचे क्लिक खरंच वाया जातात, आणि पाच सेकंदांनी येणारं 'नॉट रिस्पॉन्डिंग'ही जातं. गंमत म्हणजे इथं कर्सर-डॉट-करंट टिकत नाही, माउस हलला की पुसला जातो. इथं तुमचं यूज-वेट-कर्सरच चालतं. म्हणजे ओळ बरोबर होती, जागा चुकली.

आणि एका पट्टीला सात सेकंद का लागावेत? डेटा कुठं आहे?

मोंढ्यातला पोरगा, लातूर
ॲक्सेसच्या फाइलीत. प्रत्येक पट्टीला शेतकऱ्याची जुनी बाकी सगळ्या नोंदी चाळून काढत होतो, शेतकरी क्रमांकावर इंडेक्सच (नोंद पटकन शोधायची सूची) नव्हता. तो लावला, पट्टी सेकंदाच्या आत यायली. असिंकही केलं, अवेट ट्रायमध्ये अन् बटण चालू करायची ओळ फायनलीत. चकरी आता फक्त महिन्याच्या रिपोर्टला दिसते. काकांना दाखवलं, तर म्हणाले, "हे फिरायलंय तोवर चहा सांगू का?"

कालच्या दोन जादा पट्ट्या हातानंच रद्द केल्या. त्यामुळं मधले दोन नंबर गेलेत, ते सीएला समजावून सांगायचं राहिलंय.